विद्यापीठात जायचे ते वही घेऊन

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी १८ मे रोजी परभणीच्या कृषी विद्यापीठाचा वर्धापनदिन असतो आणि त्या दिवशी तेथे खरीप मेळावा भरतो. आपल्यापैकी पुष्कळजण जातात. कशासाठी जातात? बियाण्यासाठी. पहाटेच्या गाडीने निघायचे, उन्हात रांग धरायची, तुरीची नाहीतर सोयाबीनची बॅग मिळाली की खांद्यावर टाकायची आणि मंडपाच्या मागून परतीची वाट धरायची. मंडपात त्या वेळी शास्त्रज्ञ बोलत असतात. पुढच्या खुर्च्यांवर पाहुणे बसलेले असतात आणि मागच्या खुर्च्यांवर बॅग न मिळालेले लोक सावलीला टेकलेले असतात.

आम्ही कार्यकर्तेही वर्षानुवर्षे हेच केले. बॅग मिळाली तर विद्यापीठ चांगले, नाही मिळाली तर विद्यापीठ म्हणजे पांढरा हत्ती. पण रांगेत उभे असताना एक गोष्ट आमच्या कधी ध्यानात आली नाही. हजारो शेतकरी आणि शेकडो शास्त्रज्ञ एका आवारात दिवसभर असतात, आणि संध्याकाळी दोघेही आपापल्या घरी जातात ते एकमेकांना एकही प्रश्न न विचारता.

आज बोलायचे आहे ते या न विचारलेल्या प्रश्नांबद्दल. विद्यापीठात संशोधनाची, गावाशी जोडून घेण्याची आणि धंदा उभा करण्याची दारे आहेत. त्यातली काही उघडी आहेत, काही नुसती लोटलेली आहेत. आपण त्या दारांशी गेलो ते एक तर हात पसरून किंवा दगड घेऊन. भागीदार म्हणून गेलो नाही.

विद्यापीठ कोणासाठी निघाले?

ही कल्पना मूळची अमेरिकेतली. १८६२ साली तिथे मॉरिल कायदा झाला. त्याने राज्यांना सरकारी जमीन दिली आणि तिच्या पैशातून शेती व यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजे काढायला सांगितली. थोड्याच वर्षांत लक्षात आले की शिकवायला काही पक्के हाताशीच नाही. म्हणून १८८७ च्या कायद्याने प्रयोगकेंद्रे आली. मग लक्षात आले की प्रयोगातले ज्ञान शेतापर्यंत जातच नाही. म्हणून १९१४ च्या कायद्याने विस्ताराचे काम विद्यापीठाच्या गळ्यात बांधले. शिक्षण, संशोधन आणि विस्तार हे तीन पाय एकाच तिवईचे. एक पाय आखूड झाला तर तिवई बसणाऱ्याला पाडते.

आपल्या देशात पहिले कृषी विद्यापीठ १९६० साली पंतनगरला निघाले. महाराष्ट्रात १९६८ साली राहुरी, १९६९ साली अकोला आणि १९७२ साली दापोली व परभणी. बहात्तर साल म्हणजे काय ते इथल्या म्हाताऱ्या माणसांना सांगायला नको. लोक रोजगार हमीची खडी फोडत होते, सुकडीवर दिवस काढत होते, त्या वर्षी ही दोन विद्यापीठे उभी राहिली. त्यांच्या आवारांसाठी शेतकऱ्यांच्याच जमिनी गेल्या. तेव्हा तिथे जाताना कोणी मिंधे होऊन जायचे कारण नाही.

विद्यापीठांनी काय दिले? काहीच दिले नाही असे म्हणणारा भाऊ नांदेड ४४ च्या कापसावर बहिणीचे लग्न झाले होते हे विसरतो. ऐंशी आणि नव्वदच्या दशकात या संकरित वाणाने मराठवाडा-विदर्भाची घरे चालवली. उसाचा को ८६०३२ हा वाण १९९६ साली पाडेगावच्या संशोधन केंद्रातून आला, फुले २६५ तिथूनच २००७ साली आला. तुरीचे बीएसएमआर ७३६ आणि बीडीएन ७११ बदनापूरचे. कोकणातला रत्ना आंबा आणि वेंगुर्ल्याचे काजू दापोली विद्यापीठाचे. जमेची बाजू लिहिताना हात आखडता घेऊ नये.

पण खात्याला नावेची बाजूही असते. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. नांदेड ४४ चे वाण आपले, पण बोंडअळीला रोखणारे जनुक दुसऱ्याचे. २००९ साली सरकारी संस्थांनी बीटी नांदेड ४४ आणला, तो वादात सापडला आणि मागे घ्यावा लागला. पुन्हा तसे बियाणे यायला आणखी बरीच वर्षे गेली. तोवर कापसाच्या बियाण्याचा जवळजवळ सगळा बाजार खाजगी कंपन्यांकडे गेला होता. तंत्रज्ञान वेळेवर मिळाले नाही तर चांगले वाणही शर्यतीतून बाद होते. त्यात गेल्या काही वर्षांत शास्त्रज्ञांच्या कितीतरी जागा भरल्याच गेल्या नाहीत. संशोधन केंद्राला कुलूप नाही, पण आत माणूसही नाही, अशी अवस्था आपण पाहिली आहे.

आमचा प्रबंध

दुसऱ्याचे उणे काढण्याआधी स्वतःचे सांगतो. आम्ही काही मित्र एकाच वर्गातले. कृषीची पदवी घेतली, मग पदव्युत्तर शिक्षणाला प्रवेश घेतला. रब्बी ज्वारीला नत्राच्या किती मात्रा द्याव्यात, असा आमच्यापैकी एकाचा विषय होता. बाकीच्यांचे विषय त्याच्यासारखेच. आदल्या वर्षीच्या प्रबंधाचा विषय घ्यायचा, पिकाचे वाण बदलायचे, एक मात्रा वाढवायची, झाला नवा विषय. प्रयोग विद्यापीठाच्या शेतावर. जमीन सपाट, निचरा उत्तम, हाताशी मजूर, आणि पीक सुकू लागले तर एक संरक्षित पाणी. आकडे छान आले. काळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरात नाव छापून आले.

तो प्रबंध घरी नेला. कोरडवाहू ज्वारीत आयुष्य घालवलेल्या बापाने पाने उलटली, कोष्टके पाहिली आणि विचारले, ‘अरे, वरच्या चार बोटांत ओलच राहत नाही, तर तुझं खत खाणार कोण?’

हा प्रश्न प्रयोग मांडण्याआधी विचारला गेला असता तर प्रयोगच वेगळा झाला असता. खत किती, यापेक्षा खत किती खोल आणि कोणत्या ओलीवर, हे तपासले असते. आम्ही याचा दोष कोणा मार्गदर्शकाला देत नाही. आम्हीही शेतकऱ्याचीच पोरे होतो, बापाला विचारायला कोणी बंदी केली नव्हती. पण विद्यापीठाचे फाटक ओलांडले की बाप अडाणी आणि पुस्तक शहाणे, असे आम्हाला वाटू लागले होते. तो प्रबंध आजही ग्रंथालयात आहे. गेल्या वीस वर्षांत तो कोणी उघडला असेल असे वाटत नाही.

वर्गातले बरेचजण बँकेत, कंपनीत किंवा स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत गेले. आम्ही काहीजण चळवळीत आलो.

तुरीची वही

आता दुसऱ्या वहीची गोष्ट. आमच्या तालुक्यात एका गावात तीन वर्षे लागोपाठ तूर उधळत होती. फुलोऱ्यात आलेले झाड उभ्या उभ्या वाळायचे. गावाने निकाल देऊन टाकला होता की बियाणे खोटे. तक्रारअर्ज लिहायला लोक आमच्याकडे आले. आम्ही म्हटले, अर्ज लिहू, पण आधी एक दोनशे पानी वही आणा. प्रत्येक शेताला एक पान. कोणते वाण, बी कोठून आणले, पेरणी कधी, आधीच्या तीन वर्षांत तिथे काय होते, जमीन चढाची की खोलगट, पहिले झाड कधी वाळले, त्याच्या आदल्या आठवड्यात पाऊस किती. लिहायचे काम शाळेतल्या पोरांनी केले. अकरा शेतांची पाने भरली.

पाने शेजारी शेजारी ठेवल्यावर आमच्याच डोळ्यांवरची झापड उतरली. एकच वाण काही शेतांत तरले होते, काही शेतांत गेले होते. म्हणजे नुसत्या बियाण्यावर खापर फोडता येत नव्हते. मग वही आणि ओल्या पोत्यात गुंडाळलेली मुळासकट झाडे घेऊन चारजण संशोधन केंद्रावर गेले. तिथल्या शास्त्रज्ञांनी आधी वही वाचली. मग चाकू काढला आणि खोडे उभी चिरली.

काही झाडांच्या सालीखाली काळपट तपकिरी रेषा वरपर्यंत गेल्या होत्या. ही मर. तिची बुरशी जमिनीत राहते, वर्षानुवर्षे राहते, आणि त्याच रानात पुन्हा पुन्हा तूर घेतली की तिचे फावते. वहीत पाहिले, ती सगळी शेते दरवर्षी तूर घेणाऱ्यांची. दुसऱ्या काही झाडांत आत रेषा नव्हत्या. जमिनीलगत खोडावर खोलगट डाग होते आणि तिथेच झाड मोडत होते. ही फायटोफ्थोरा नावाची वेगळीच बुरशी. पावसाळ्यात पाणी साचले की ती कोवळी झाडे धरते. वहीत पाहिले, ती शेते खोलगट आणि ती झाडे ऑगस्टच्या झडीतच गेलेली.

गावाने दोन रोगांना एकच नाव दिले होते. त्यांचे उपाय मात्र वेगवेगळे. पहिल्याला काही वर्षे त्या रानात तूर बंद, मर सोसणारे वाण आणि बियाण्याला ट्रायकोडर्मा. दुसऱ्याला पाणी काढून देणे, रुंद वरंबा आणि सरीवर पेरणी, खोलगट तुकड्यात तूर न टाकणे. मर सोसणारे महागडे बी आणून ते पाण्यात उभे केले, तर ते दुसऱ्या रोगाने मरणारच. तक्रारअर्ज केला असता तर पंचनामा झाला असता, दोन वर्षे हेलपाटे झाले असते आणि तूर तशीच उधळत राहिली असती.

पुढच्या आठवड्यात ते शास्त्रज्ञ गावात आले. त्यांनी वहीच्या झेरॉक्स काढून नेल्या. आपल्या निचऱ्याच्या शेतावर हा दुसरा रोग त्यांना इतका दिसला नव्हता. म्हणजे उपकार एका बाजूचा नव्हता.

प्रश्न कोठे टाकायचा?

विद्यापीठाची शिफारस आभाळातून पडत नाही. प्रयोग मांडला जातो, काही हंगाम घेतला जातो, विद्यापीठाच्या समितीपुढे येतो, आणि मग दरवर्षी उन्हाळ्यात चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीच्या बैठकीत नवे वाण, नवी अवजारे आणि शिफारशी मंजूर होतात. आपला प्रश्न या साखळीच्या पहिल्या कडीत पडला नाही तर शेवटच्या कडीत त्याचे उत्तर येणार नाही.

पहिली कडी आपल्या जिल्ह्यातच आहे. तिचे नाव कृषी विज्ञान केंद्र. देशातले पहिले केंद्र १९७४ साली पुदुच्चेरीला निघाले. आज महाराष्ट्रात अशी जवळपास पन्नास केंद्रे आहेत. काही विद्यापीठांची, काही संस्थांची. शेतकऱ्याच्या शेतावर चाचणी घेणे, नव्या वाणाची किंवा पद्धतीची प्रात्यक्षिके करणे आणि प्रशिक्षण देणे ही त्यांची कामे. यातली शेतावरची चाचणी म्हणजे आपल्याच रानात, आपल्याच अडचणीवर घेतलेला प्रयोग. तो मागता येतो. प्रत्येक केंद्राला शास्त्रीय सल्लागार समिती असते आणि तीत शेतकरी सदस्य असतात. आपल्या केंद्राच्या समितीवर कोण शेतकरी आहेत, हे इथे बसलेल्यांपैकी कितीजणांना माहीत आहे? हात वर करा. पाहा, दोन हात. बहुतेक ठिकाणी ज्याच्या वाड्यापुढे साहेबांची गाडी थांबते तोच शेतकरी प्रतिनिधी होतो. विद्यापीठाच्या कार्यकारी परिषदेवरही शेतकऱ्यांचे प्रतिनिधी असतात. त्यांना आपण कधी एक पोस्टकार्ड टाकले आहे काय?

दादाजींचा तांदूळ

आता अवघड गोष्टीकडे येतो. भागीदारी म्हटली की हिशेब आला. शेतकऱ्याने विद्यापीठाला काही दिले तर त्याचे नाव कोठे लागते?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तिथले दादाजी रामाजी खोब्रागडे हे थोडक्या जमिनीचे शेतकरी. शाळा तिसरीपर्यंत. १९८३ साली त्यांना आपल्या धानाच्या बांधीत तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला ठेवल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या लावल्या, वर्षामागून वर्षे निवड करत गेले. दाणा बारीक, उतारा चांगला, शिजवला की चव चांगली. त्या काळी एचएमटीच्या घड्याळांचे कौतुक होते म्हणून त्या तांदळाला एचएमटी हेच नाव पडले. १९९४ साली सिंदेवाहीच्या संशोधन केंद्रासाठी त्यांच्याकडून बी नेले गेले. १९९८ साली अकोला विद्यापीठाने पीकेव्ही एचएमटी या नावाने वाण प्रसारित केले. विद्यापीठाचे म्हणणे असे की आम्ही शुद्धीकरण करून वाण तयार केले. दादाजींचे म्हणणे असे की मूळ निवड माझी, नाव माझे लागले पाहिजे. २००५ साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. २०१८ च्या जूनमध्ये ते आजारपणात गेले. तो तांदूळ लाखो ताटांत गेला, पण दादाजींची गरिबी शेवटपर्यंत सरली नाही.

शुद्धीकरण हे काम खोटे नाही. आम्ही कृषीचे विद्यार्थी, आम्हाला त्याची किंमत ठाऊक आहे. पण तीन लोंब्या पाहणारा डोळा नसता तर शुद्ध करायला काय होते? दोन्ही कामे कामेच आहेत. फरक एवढाच की एका कामाची नोंद होती आणि दुसऱ्या कामाची नव्हती.

मावशींची बांधावरची तूर

१९९८ साली दादाजींच्या हाती कायदा नव्हता. आज आहे. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ साली झाला, त्याचे प्राधिकरण २००५ साली सुरू झाले. या कायद्याने शेतकऱ्याला वाण तयार करणारा म्हणून मान्यता दिली. शेतकऱ्याच्या वाणाची नोंदणी होते आणि शेतकऱ्याला तिचे शुल्क नाही. अर्जावर ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती, जिल्हा कृषी अधिकारी किंवा विद्यापीठाचे संशोधन संचालक यांच्यापैकी कोणाची तरी शिफारस लागते. नोंदणी झालेल्या पिकाच्या वाणाला १५ वर्षे आणि झाडे व वेलींच्या वाणाला १८ वर्षे संरक्षण मिळते. शिवाय घरचे बी राखायचा, पेरायचा, अदलाबदलीचा आणि विकायचाही हक्क शेतकऱ्याला आहे. फक्त नोंदणी असलेल्या वाणाचे बी ब्रँडचे नाव छापून विकता येत नाही.

हे पाठ करून ठेवण्यापुरते नाही. त्या तुरीच्या गावातच याचा प्रसंग आला. ते शास्त्रज्ञ शिवारात फिरत असताना एका मावशींच्या बांधावर जुन्या तुरीची झाडे दिसली. आजूबाजूची तूर गेली होती, ही हिरवी होती. मावशी म्हणाल्या, सासूच्या काळापासूनचे बी आहे, वरणाला घरात हेच लागते. शास्त्रज्ञांनी बी मागितले. मावशींनी त्यांना पाणी दिले, गूळ दिला आणि म्हणाल्या, ‘साहेब, बी द्यायला ना नाही. पण उद्या तेच बी पिशवीत घालून मलाच विकत द्याल का?’

शिवारात सगळे गप्प झाले. शास्त्रज्ञ भला माणूस. ते म्हणाले, ‘मावशी, तुमचं खरं आहे. आधी कागद करू.’ तिथेच बांधावर कागद झाला. बी कोणाचे, गाव कोणते, तारीख कोणती, किती किलो, कशासाठी दिले, आणि पुढे त्यातून वाण निघाले तर मूळ बियाण्याची मालकी कोणाची. दोघांच्या सह्या झाल्या. एक प्रत मावशींच्या ट्रंकेत आहे, एक केंद्राच्या फायलीत.

यात विद्यापीठाचे काम काय? ते मोठे आहे. तुरीचे मधमाश्यांमुळे काही प्रमाणात परपरागीकरण होते. बांधावरचे बी शेजारच्या वाणाशी मिसळते. ते वेगळे लावून, मर असलेल्या रानात मुद्दाम पेरून, खरेच सोसते की नुसते बांधाच्या निचऱ्यामुळे तरते हे पाहावे लागते. ते मावशींना एकटीने जमणारे नाही. आणि मावशींचे बी शास्त्रज्ञाच्या कपाटात नव्हते. चाचणी अजून चालू आहे. बी सोसणारे निघेल किंवा नाही निघणार. पण निघाले तर मावशींचे नाव कागदावर आहे.

कृषिकन्या गावात येतात तेव्हा

कृषी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाची मुले-मुली ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात येतात. आपण त्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतो. २०१५ पासून हा अनुभव आणि उद्योजकतेचे शिक्षण एका कार्यक्रमात बांधले आहे. मुली येतात, ग्रामपंचायतीपुढे रांगोळीने गावाचा नकाशा काढतात, बीजप्रक्रिया करून दाखवतात, सरपंचांबरोबर फोटो होतो, अहवालात चिकटतो आणि संपते. आपणही कौतुकाने चहा पाजतो आणि कामाला लागतो.

ही मुले कोणाची आहेत? आपलीच आहेत. चार वर्षे शिकलेली, हाती मोबाइल असलेली, लिहिता-वाचता-मोजता येणारी मुले आपल्या गावात काही आठवडे राहतात आणि आपण त्यांना रांगोळीला बसवतो. यंदा त्यांना वही द्या. दहा घरांचा उत्पादन खर्च लिहायला सांगा. बियाणे, खत, नांगरट, काढणी हे तर लिहाच. पण घरच्या बाईचे खुरपणीचे दिवसही लिहा, रात्री मोटार चालू करायला गेलेल्याची रात्रही लिहा. हमीभावासाठी केंद्र सरकारची उत्पादन खर्च पाहणी योजना आहे, महाराष्ट्रात तिचे काम राहुरी विद्यापीठाकडे आहे. ती पाहणी नमुन्यादाखल निवडलेल्या गावांत होते. आपल्या वह्या तिची जागा घेणार नाहीत. पण सरकारी आकडा आला की शेजारी ठेवायला आपल्याकडे स्वतःचा आकडा असेल. ‘परवडत नाही’ असे आपण पिढ्यान् पिढ्या म्हणत आलो, किती परवडत नाही हे सांगायला मात्र अडखळतो.

उद्योग म्हणजे बापाला औषध विकणे नव्हे

आता धंद्याचे. कृषी पदवीधरांसाठी २००२ पासून कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजना आहे. ४५ दिवसांचे मोफत निवासी प्रशिक्षण मिळते, नंतर बँकेच्या कर्जाला जोडून ३६ टक्के, आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींसाठी ४४ टक्के अनुदानाची तरतूद आहे. २०१८-१९ पासून राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून नवउद्योगांना हात देणारी केंद्रे निघाली, त्यांत कृषी विद्यापीठेही आहेत. कल्पनेच्या टप्प्यावर ५ लाखांपर्यंत आणि पुढच्या टप्प्यावर २५ लाखांपर्यंत मदतीची तरतूद तिथे ठेवली गेली.

पोरांनो, एक सांगतो. अनुदान मिळते म्हणून धंदा काढू नका, धंदा चालत असेल तर अनुदान घ्या. अनुदान हातात रोख पडत नाही, ते कर्जखात्याला शेवटी लागते. हप्ता मात्र पहिल्यापासून सुरू होतो. आणि दुसरे. आमच्या ओळखीच्या पुष्कळ पदवीधरांनी उद्योग म्हणून औषधाचे दुकान टाकले. दुकान टाकणे पाप नाही. पण शिकलेल्या पोराने गावातल्या बापांनाच जास्तीचे औषध विकायचे, ही काही उद्योजकता नव्हे. खोड चिरून मर आहे की दुसरे काही, हे सांगण्याचे पैसे घ्या. शेतकरी खोट्या फवारणीवर पैसे घालतो, तो खऱ्या निदानाचे पैसे आनंदाने देईल.

विद्यापीठातून निघालेल्या वस्तूंवर धंदा उभा राहतो याची उदाहरणे आहेत. अकोल्याच्या विद्यापीठाची मिनी दालमिल कितीतरी गावांत तरुणांनी आणि बायांच्या गटांनी चालवली. तूर विकून डाळ विकत आणणारे गाव स्वतःची डाळ करू लागले. दापोलीचा नूतन झेला पाहा. आंबा देठासह उतरवायचे साधे अवजार, पण देठ राहिला की चीक फळावर सांडत नाही आणि डाग पडत नाही. अशी अवजारे तालुक्याच्या वर्कशॉपात तयार होतात. विद्यापीठाकडून पायाभूत बियाणे घेऊन गटाने बीजोत्पादन करणे हाही चांगला धंदा आहे. आज रांगेत बॅग मागणारे उद्या बॅग भरणारे होऊ शकतात.

पण दालमिल टाकणाऱ्या पोराला विद्यापीठात एक धडा शिकवत नाहीत, तो आम्ही शिकवतो. २ जून २०२३ रोजी सरकारने तूर आणि उडदावर साठ्याची मर्यादा घातली. २१ जून २०२४ रोजी तूर आणि हरभऱ्यावर पुन्हा घातली. डाळ महाग झाली की व्यापारी आणि गिरणीवाला चोर ठरतो, मग खरेदी थंडावते, आणि तूर पिकवणाऱ्याच्या घरात भाव पडतो. एका हाताने नवउद्योगाला मदत आणि दुसऱ्या हाताने त्याच्या गोदामावर धाड, हे दोन्ही एकाच सरकारचे हात आहेत. म्हणून उद्योजक पोरांनी चळवळीपासून लांब राहून चालणार नाही, आणि चळवळीने उद्योजक पोरांना ‘धंदेवाईक’ म्हणून हिणवूनही चालणार नाही.

आजपासून काय करायचे?

एक, प्रत्येक गावाने एका पिकाच्या एका अडचणीची वही सुरू करावी. दोन, आपल्या कृषी विज्ञान केंद्राच्या सल्लागार समितीवर कोण शेतकरी आहेत ते शोधावे, आणि बैठकीआधी आपला प्रश्न लेखी त्यांच्या हाती द्यावा. तीन, गावातले जुने बी कोणाकडे आहे त्याची यादी करावी, आणि कागद केल्याशिवाय ते कोणालाही देऊ नये, मग मागणारा विद्यापीठाचा असो, कंपनीचा असो की आमच्यासारखा कार्यकर्ता असो. चार, या हंगामात गावात कृषिदूत आले तर त्यांच्याकडून दहा घरांचा खर्च लिहून घ्यावा. पाच, तालुक्यातल्या कृषी पदवीधर मुला-मुलींची नावे जिल्हा कार्यालयात कळवावीत. त्यांच्याशी वेगळी बैठक घेऊ.

येत्या १८ मेला परभणीला जरूर जा. रांगेत उभे राहा, बॅग घ्या. मग मंडपात या, पुढच्या खुर्चीवर बसा आणि वहीतला प्रश्न उभे राहून वाचा. उत्तर आले तर लिहून घ्या. नाही आले तर तेही लिहा, तारखेसह.

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक तालुक्याने निदान एक भरलेली वही आणावी. त्या दिवशी आम्ही भाषण करणार नाही. वह्या वाचू.